मास्तरांचा लाल झगा

काळ्या-पांढऱ्या सिनेमातली राणी प्रत्यक्षात कशी दिसायची हे लोकांना कळलं असतं, तर तिकीटबारीकडे काळं कुत्रंही फिरकलं नसतं. पडद्यावर दुधासारखा शुभ्र दिसणारा तिचा झगा आमच्या टेबलावर फिकट पिवळा असायचा. खरं पांढरं कापड मोठ्या दिव्यांखाली एवढं झळाळायचं की राणीचा चेहराच दिसेनासा व्हायचा, म्हणून नायकाचे शर्टसुद्धा आम्ही चहाच्या पाण्यात बुडवून काढायचो. काळ्याचीही तीच गत. खरं काळं कापड सगळ्या चुण्या गिळून टाकायचं, म्हणून काळ्यासाठी चॉकलेटी नाहीतर गडद जांभळं. कापड कमी पडलं तर पाठीला तिसऱ्याच रंगाचा तुकडा जोडायचा, पडद्यावर सगळं एकच. शूटिंग बघायला आलेले पाहुणे राणीला समोरून बघून खूश व्हायचे, आणि ती वळली की एकमेकांची तोंडं बघायचे. "यापेक्षा सर्कशीतला विदूषक बरा," असं एक पाहुणी माझ्यासमोर म्हणाली होती. मी तिला तिथल्या तिथे सुनावलं.

मी त्या कपडेपटात टिकल्या लावायचे. टिकल्या, मणी, काचा, जे जे चमकतं ते माझ्या सुईतून गेलेलं असायचं. कपडेपट म्हणजे स्टुडिओतली कपडे बेतायची, शिवायची आणि सांभाळायची लांबलचक खोली. त्या खोलीचे राजे होते मास्तर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरी मी त्यांना भाऊजी म्हणायचे, कामावर मास्तर, आणि आमचं भांडण झालेलं असलं तर दोन्हीकडे नुसतं "अहो". माणूस शिवणीला जितका सरळ तितका बोलायला तिरपा. तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे शब्द कमी आणि हुंकार जास्त. स्वतःच्या कॉलरला इस्त्री स्वतःच करणार, दुसऱ्याने केलेली चालायची नाही. आमचा इस्त्रीवाला म्हणायचा, "मास्तर मेले तरी उठून स्वतःचा कफ सारखा करतील."

पण हात! आमच्या नायिकेचा, तिला सगळे बाईसाहेब म्हणत, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता. मास्तर त्या बाजूच्या अस्तराखाली कापसाची पातळ घडी अशी बसवायचे की तिच्या आईलाही कळू नये. पोरी सिनेमा बघून घरी जायच्या आणि आरशासमोर तिच्यासारखे ताठ खांदे करून बघायच्या. आणि हातापेक्षाही नाव होतं ते डोळ्यांचं. नवा तागा उलगडला की आम्ही सगळ्या "अगबाई, काय सुंदर गुलाबी!" म्हणून तुटून पडायचो. मास्तर कापडाचं टोक चुरगळून खिडकीशी धरायचे आणि म्हणायचे, "राखेसारखं येईल. आजीबाईला द्या." किंवा, "हे साईसारखं येणार, हे बाईसाहेबांचं." पडद्यावर तसंच्या तसं यायचं. कॅमेरामन स्वतः विचारायला यायचा. देवाने काय डोळे दिलेत, असं जो तो म्हणे. दिले होते, पण देताना देवाने जरा काटकसर केली होती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, ताईला आणि मला.

मला कळलं ते अपघाताने. मी ताईकडे राहायला गेले होते, आणि बसल्या जागी काही सुचेना म्हणून तिचा रिळांचा खण नीट लावून ठेवला. संध्याकाळी मास्तरांनी त्या खणातलं रीळ काढलं आणि शेजाऱ्याच्या हिरव्या कोटाची सगळी काजं लालभडक दोऱ्याने केली. किती सुबक! मी पोट धरून हसले. ताई नाही हसली. तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"त्यांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही," ती म्हणाली. "दोन्ही मातीसारखं दिसतं. लग्नानंतर लगेच माझ्या लक्षात आलं. रिळांच्या जागा मी ठरवून दिल्यात, त्या तू बदललीस."

"अगं, पण ते शिंपी आहेत!"

"म्हणूनच सांगतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर एक शब्द गेला तर माझ्याशी गाठ आहे."

ताईने काजं उसवली, हिरव्या दोऱ्याने पुन्हा केली, आणि मास्तर पाठ करून पेपर वाचत बसले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. मला त्या वेळी पहिल्यांदा त्यांची दया आली, आणि दया आल्याचा राग आला, कारण हा माणूस दया करून घेण्यातला नव्हताच. पुढे मी विचार करत गेले तसं मला कळलं की त्यांच्या उणेपणातच त्यांची विद्या होती. आम्ही रंगाला भुलायचो. ते भुलायचे नाहीत, त्यामुळे कापडात किती उजेड आहे आणि किती अंधार, तेवढंच त्यांना दिसायचं. कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसायचं. कॅमेरा आणि मास्तर एकाच पंगतीतले.

मग एक दिवस मालक कपडेपटात आले आणि म्हणाले, पुढचा सिनेमा रंगीत. खोलीत नुसता जल्लोष. काजं करणारी म्हातारी, जिला आम्ही काजबाई म्हणायचो, तिने तर इस्त्रीवाल्याचा हात धरून फेर धरला. आता गुलाबी म्हणजे गुलाबीच! मास्तर "हं" म्हणाले आणि खाली वाकून आधीच सरळ असलेलं कापड सरळ करत राहिले.

त्या आठवड्यात घरी ताई मला म्हणाली, "तू शेजारच्या टेबलावर बस. काही झालं तरी तिथून हलू नकोस."

मी बसले. आमचं ठरलं असं काही नव्हतं, पण जमून गेलं. मास्तर कापड उलगडायचे आणि माझ्याकडे न बघता घसा खाकरायचे. मी टिकल्या शिवता शिवता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "या हिरव्याला सोनेरी मणी शोभतील." लोकांना वाटायचं, बाईला बडबडायची सवय आहे. ती मला होतीच, म्हणून कोणाला संशय आला नाही. शिवाय मास्तर रोज कापडाच्या कतरणी खिशात घालून घरी न्यायचे. ताई जेवणानंतर त्या मांडीवर मांडून एकेक सांगायची आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. असं ढकलत ढकलत रंगीत सिनेमाचे पहिले कपडे बिनबोभाट पार पडले. मला वाटायला लागलं होतं की हे निभेल.

तेवढ्यात ताईच्या पोटात दुखायला लागलं आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ऑपरेशन ठरलं. मी कामावर रजा टाकून तिच्या उशाशी बसले. मास्तर रोज संध्याकाळी यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, तिच्या चादरीची शिवण बोटाने चाचपायचे आणि जायचे. खिशातून कतरण काढायचे नाहीत. ताईने एकदा ग्लानीतच विचारलं, "आज काही दाखवायचं नाही?" ते म्हणाले, "तू झोप. काम सगळं काळ्या-पांढऱ्याचं चाललंय." ते खोटं होतं, आणि ते मला कळायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. सगळ्यांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.

झालं होतं असं. बाईसाहेबांचा जिन्यावरून उतरण्याचा प्रसंग होता, सिनेमातला सगळ्यात मोठा. मालकांनी गावभर भिंतींवर लावलं होतं की बाईसाहेब पहिल्यांदाच लाल झग्यात दिसणार. मालक घाईत होते. त्यांनी मास्तरांना गाडीत घातलं आणि कापडवाल्याच्या दारात उतरवलं. "लाल आणा, भारीतलं आणा, मला विचारू नका." कापडवाल्याने गादीवर साटीनचा ढीग घातला. मास्तरांनी एकेक तागा हातावर टाकून बघितला. एक कापड असं काही पडलं, पाणी ओतावं तसं, की त्यांनी तेच उचललं. लाल झग्याची जाहिरात वाचूनही कापडवाला गप्प राहिला. इतकी वर्षं हा स्टुडिओ पांढऱ्यासाठी पिवळं आणि काळ्यासाठी चॉकलेटी नेत आला होता. आपण कशाला बोला?

ताईला बरं वाटायला लागल्यावर मी कामावर गेले, त्याच दिवशी त्या झग्याची ट्रायल होती. कपडेपटात शिरले आणि समोर लाकडी पुतळ्यावर तो होता. पाठीवरून खाली आलेला, मागे लांब घोळ, कमरेशी एकही जास्तीची चुणी नाही. माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर झगा पाहिला नाही. हिरवागार होता.

"हे काय?" मी काजबाईला विचारलं.

"कसं आहे? मी स्वतः आतली टीप घातलीये."

"पण झगा लाल हवा ना?"

काजबाई हसली. मी बाहेरची असल्यासारखी तिने माझ्या गालाला हात लावला. "अगं, पडद्यावर लाल येणार! मास्तरांचं गणित आहे ते. नवा कॅमेरा ना. पिवळ्याचं पांढरं होतं, मग हिरव्याचं लाल व्हायला काय झालं?"

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्या खोलीत सहा-सात माणसं होती, सगळ्यांचे डोळे धडधाकट. सगळ्यांनी हिरवं कापड बघितलं होतं, कापलं होतं, शिवलं होतं, इस्त्री केली होती. कोणी एक शब्द विचारला नाही. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, यापलीकडे कोणाचं डोकं गेलंच नाही. इस्त्रीवाल्याने तर मला कौतुकाने समजावलं की हिरवं जितकं गडद तितकं लाल जास्त उठून येतं. हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. त्याने आपलं आपणच ठरवलं होतं.

मी मास्तरांना बाजूला घ्यायला निघाले, पण बाईसाहेब येऊन पोचल्या. बाकीचे भराभर कामाला लागले. पडद्यामागे जाऊन त्या झगा घालून आल्या आणि आरशासमोरच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. मास्तर तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसले आणि खालचा घेर सारखा करायला लागले. मी दारातच खांबासारखी उभी.

बाईसाहेबांनी आरशात स्वतःला डावी-उजवीकडून पाहिलं. खूश होत्या. "मास्तर, एक विचारू? हा झगा तर चांगला हिरवागार आहे. मग कॅमेऱ्यात लाल कसा येणार? ही जादू मला तरी सांगा."

सगळे प्रेमाने हसले. मास्तरांचा हात घेरावर थांबला. त्यांनी वर पाहिलं, पण बाईसाहेबांकडे नाही. त्यांनी दारात माझ्याकडे पाहिलं. मी तोंड सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्या तोंडाला ते कधीच जमलेलं नाही.

त्या क्षणी मी मनातल्या मनात काय म्हणत होते ते सांगते. मी म्हणत होते, थाप मारा. "येईल" म्हणा. फिल्म धुवायला लांब जायची, परत यायला वेळ लागायचा. तोपर्यंत दिव्यांवर ढकलता आलं असतं, धुणाऱ्यावर ढकलता आलं असतं, नव्या कॅमेऱ्याला तर सगळेच शिव्या घालायला टपले होते. मास्तरांवर कोणी बोट ठेवलं नसतं. हे त्यांनाही कळत होतं. ते वाकलेल्या मानेने घेराकडे बघत राहिले, आणि मला वाटतं ते मोह गिळत होते.

मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"नाही येणार बाईसाहेब. हिरवाच येणार. मला हे कापड लाल वाटलं."

खोलीभर हशा. "मास्तर आज रंगात आलेत!" इस्त्रीवाला ओरडला.

"मला लाल-हिरवं कळत नाही," मास्तर म्हणाले. "जन्मापासून."

लोक आणखी हसले. बाईसाहेबांनी तर डोळ्यांतलं पाणी पुसलं. "पुरे हं आता. तुमची विद्या सांगायची नसेल तर नका सांगू, पण अशी थट्टा नको."

आयुष्यभर लपवलेली गोष्ट शेवटी सांगावी आणि कोणी ती खरी मानू नये, यासारखी विटंबना नाही. मास्तर उठले. गुडघे झटकले. रिळांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "यातली लाल काढतो. बघा." आणि तो माणूस, ज्याच्या एका हुंकाराने खोली चिडीचूप व्हायची, सगळ्यांसमोर एकेक रीळ उचलून ओळीने मांडायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिलं हिरवं. दुसरं तपकिरी. तिसरं लाल निघालं तेव्हा मला वाटलं आता पुन्हा हसतील. चौथं पुन्हा हिरवं. कोणी हसलं नाही. काजबाईने पदराचं टोक तोंडाशी धरलं. मास्तर मान वर न करता मांडत राहिले, पार कोणीतरी "पुरे, मास्तर" म्हणेपर्यंत.

ते मीच म्हणाले.

मालकांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी झगा पाहिला, रिळं पाहिली. "इतकी वर्षं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत?"

मास्तर मांडलेली रिळं एकेक करून परत ठेवायला लागले. माझी जीभ मात्र कोणाचं ऐकत नाही. "इतकी वर्षं तुमचा कॅमेराही रंगांधळाच होता, मालक. त्याला नाही कोणी फसवणूक म्हणालं!"

मालकांनी पोटावर पाय दिला नाही, एवढं म्हणायला हवं. लाल साटीन मी जाऊन आणलं. मास्तरांनीच ते बेतलं, सगळ्यांनी रात्रीचा दिवस करून शिवलं, आणि बाईसाहेब लाल झग्यात जिना उतरल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताई घरी आली तेव्हा मीच तिला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मी घरी असते तर." मास्तर तिला म्हणाले, "तू बरी झालीस ना? मग झालं." ते तसं खरंच मानत होते, पण तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

मला वाटलं होतं, लोक चिडतील, टोमणे मारतील. तसं झालं असतं तर मी एकेकाला बघून घेतलं असतं. झालं निराळंच. सगळे फार गोड वागायला लागले. इस्त्रीवाला जाता-येता रुमाल पुढे धरायचा. "मास्तर, हा कुठला? आणि हा?" लहान मुलाला पाढे विचारावेत तसं. मास्तर प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे, बरोबर आलं की तो शाबासकी द्यायचा. ट्रायलच्या वेळी बाईसाहेबांनी मला हळूच जवळ बोलावलं. "खांदा सारखा बसलाय ना गं? तू एकदा बघ." खांद्याचा आणि रंगाचा काय संबंध? मी तसं विचारलंही. त्या ओशाळल्या, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या मास्तरांनी दोन्ही वेळा ऐकलं.

काळे-पांढरे सिनेमे एकदम बंद झाले नव्हते. कमी खर्चातले, छोटे, अजून निघायचे, आणि ते मास्तरांकडे दिले जायचे. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपल्या घरात आले. इथे कोणी रुमाल पुढे धरायला नको, इथे त्यांच्याइतकं कोणाला काय कळतं?

त्यातल्या एका सिनेमात शाळेतल्या बाईंचा साधा झगा करायचा होता. दोन तागे आले होते, एक निळसर, एक बदामी. दुपारची वेळ होती, बाकीचे जेवायला गेले होते. मास्तरांनी निळसर कापडाचं टोक चुरगळलं, खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. पूर्वी एवढ्यावर काम संपायचं. ते उभेच राहिले. टोक सोडलं, पुन्हा धरलं. बदामी बघितलं, पुन्हा निळसर बघितलं.

"राखेसारखं येईल," ते म्हणाले.

मी टिकली ओवत होते, मान वर केली नाही.

"येईल ना गं?"

मी वर बघितलं. मला लाल दिसतं, हिरवं दिसतं, आंब्याच्या सालीचा आणि गराचा रंग वेगळा कळतो. पण निळ्या कापडात दडलेली राख मला उभ्या जन्मात दिसली नव्हती. ती फक्त त्यांनाच दिसायची, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येईल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि माझ्या शब्दावर कापड बेतायला घेतलं.